फळ्यावरची दोन वाक्ये

त्या दिवशी भारताने सामना जिंकला. मोरेश्वर म्हात्रे, म्हणजे आमचे मोरूभाऊ, यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. संध्याकाळी फळा फुटला. गणपतीला अठरा दिवस होते. पुढच्या सोमवारी मोरूभाऊ पेण सोडून रोह्याला गेले.

मोरूभाऊंना वारून आता सव्वा वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायचे मी बरेच दिवस ठरवत होतो. ते मोठे गृहस्थ नव्हते. वर्तमानपत्रात त्यांचे नाव कधी छापून आले नाही. त्यांचे लग्न झाले नाही, का झाले नाही ते मला माहीत नाही, आणि ते त्यांनी कधी सांगितलेही नाही. मला जेवढे दिसले तेवढेच लिहितो.

मी मूळचा रोह्याचा. पेणच्या एका शाळेत मराठी शिकवायला आलो आणि बाळशेठच्या गणपतीच्या कारखान्यामागे भाड्याची खोली घेतली. पेणमध्ये मूर्तींच्या शेडला कारखानाच म्हणतात. त्या कारखान्यात मोरूभाऊ डोळे आखत. मूर्ती घडवणारे वेगळे, रंग देणारे वेगळे, आणि डोळे आखणारा एकच. साऱ्या मूर्ती रंगून ओळीने उभ्या राहिल्या की शेवटी मोरूभाऊ पाटावर बसत, श्वास धरत आणि दोन रेघांत बुबुळ उभे करत. ते काम चालू असताना कोणी बोलत नसे. एरवी मात्र मोरूभाऊच सगळ्यांत जास्त बोलत.

धरमतरच्या खाडीकडचे ते. वडील मिठागरावर होते. बोलणे तिकडचे, 'हाय', 'नाय', 'व्हता'. पण लिहायला बसले की भाषा एकदम शाळेतली. फळ्यावरचे त्यांचे अक्षर पाहून मी माझ्या वर्गातल्या मुलांना एकदा तिथे नेऊन उभे केले होते.

फळा कारखान्याच्या दाराबाहेर टांगलेला असे. खरे तर तो गिऱ्हाइकांसाठी होता: मूर्ती कधी मिळतील, दुपारी कधी बंद. पण रेडिओच्या दिवसांत मोरूभाऊंनी त्यावर क्रिकेटचा धावफलक लिहायला सुरुवात केली आणि बाळशेठने हरकत घेतली नाही. कसोटी असली की बाजारातून येणारी माणसे वाट वाकडी करून त्या गल्लीतून जात. मासळीवाल्या बायकाही विचारत, किती झाले म्हणून.

फळ्याचे काही नियम होते, आणि ते कोणी केले हे विचारायची सोय नव्हती. 'आपण' असे फळ्यावर कधी लिहायचे नाही, 'भारत' लिहायचे. धावा कमी असोत की जास्त, अक्षराचा आकार तोच. एकदा भारत फार थोडक्यात आटोपला, तेव्हा रंगकाम करणाऱ्या पोरांनी आकडा जरा बारीक काढा म्हणून गळ घातली. मोरूभाऊ म्हणाले, बारीक काढला म्हणून वाढणार हाय काय?

यावरून कोणाला वाटेल की त्यांना हारजितीचे काही नव्हते. तसे मुळीच नाही. भारत हरला की ते जेवत नसत. डबा तसाच घरी परत जाई आणि तो पाठवणारी त्यांची वहिनी काय ते समजे. रेडिओवर राष्ट्रगीत लागले तर हातातला कुंचला तसाच धरून, गंजिफ्रॉकवर, ते उठून उभे राहत. शेजारच्या शाळेच्या झेंड्याचा खांब दर वर्षी ऑगस्टात ते फुकट रंगवून देत, आणि दुसऱ्या दिवशी गटारात पडलेले कागदी झेंडे एका पिशवीत गोळा करत. त्या पिशवीचे पुढे काय करत, ते मी विचारले नाही.

कारखान्यासमोर हुसैनभाईंचे दुकान होते. काथ्या, सुतळी, गोणपाट, पत्र्याचे डबे. मूर्तीच्या साच्यात काथ्या लागतो, त्यामुळे दोघांचे रोजचे येणे-जाणे. हुसैनभाई क्रिकेटचे मोरूभाऊंहून जुने वेडे. दोघे एकमेकांना सतत डिवचत. फलंदाज बाद झाला की हुसैनभाई दुकानातून ओरडत, "मोरूभाऊ, तुमच्या लाडक्याचा डोळा चुकला बघा." मोरूभाऊ उत्तर देत, "तुमच्या काथ्यापेक्षा सरळ हाय तो."

रेडिओच्या काळातली एक गोष्ट सांगायला हवी. मोरूभाऊ आपली कॉमेंट्री ऐकत, आणि खात्री करायला एक परदेशी केंद्रही लावत. इंग्रजी त्यांना अर्धे समजे, उरलेले ते माझ्याकडून समजून घेत. एकदा परदेशी निवेदकाने आपल्या एका फलंदाजाविषयी शंका घेतली की चेंडू बॅटला लागला होता आणि तरी तो उभा राहिला. मोरूभाऊंनी फळ्यावर लिहिले: 'भारताचा फलंदाज बाद होता. तो गेला नाही.' मी तेव्हा शाळेत शिकवत होतो, त्यांना विचारायला जवळ नव्हतो. दोन दिवसांनी वाचनालयात मुंबईची वर्तमानपत्रे आली. त्यांत समोरच्या गोलंदाजानेच सांगितले होते की चेंडू पॅडच्या पट्ट्याला लागला, बॅटला नाही.

मी ते पान त्यांना वाचून दाखवले. त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि लिहिले: 'परवा मी लिहिले ते चूक. फलंदाज बाद नव्हता. मो. पां. म्हात्रे.' ती दुरुस्ती चार दिवस राहिली. चूक दोनच दिवस होती, मग दुरुस्ती चार दिवस का, असे मी विचारले. ते म्हणाले, चूक वाचायला लोकं धावत येतात, दुरुस्ती वाचायला सावकाश.

नंतर चहा पिताना आपणहून म्हणाले, "मास्तर, आपल्या माणसावर झटकन संशय घेतला की आपण लय खरे वाटतो. ते पण खोटंच झालं की."

मग टीव्ही आला. हुसैनभाईंचा धाकटा भाऊ कुवेतला होता, त्याने रंगीत टीव्ही पाठवला. दुकानात जागा नव्हती आणि घरी माणसांची गर्दी, म्हणून सामन्याच्या दिवशी तो कारखान्यात आणून लाकडी घोडीवर ठेवत. दाराशी मूर्ती, मध्ये टीव्ही, समोर आम्ही. बाळशेठ खुर्चीवर, हुसैनभाई काथ्याच्या बिंड्यावर, बाकीचे जमिनीवर. मोरूभाऊ उभे. ते कधी बसून सामना पाहत नसत.

त्या दिवशी सामना पाकिस्तानशी होता. शेवटच्या षटकापर्यंत गेला. त्यांना पाच धावा हव्या होत्या, आणि एकच गडी उरला होता. फलंदाजाने चेंडू उचलला, आपला खेळाडू पुढे झेपावला, आणि दोन्ही हात वर करून धावत सुटला. पंचाने बोट वर केले. कारखान्यात काय झाले ते लिहिता येणार नाही. रंगाची एक बादली सांडली एवढे आठवते.

मग टीव्हीवर तेच पुन्हा, सावकाश दाखवले. चेंडू गवताला लागला, उसळला आणि मग हातात गेला. अगदी स्पष्ट. पंचांना त्या काळी तसे पाहून निर्णय द्यायची सोय नव्हती. आम्हाला मात्र सगळे दिसत होते. कारखाना क्षणभर गप्प झाला. मग कोणीतरी 'भारत माता की' म्हटले, बाकीच्यांनी 'जय' म्हटले, आणि ते क्षणभराचे गप्प होणे झालेच नाही असे झाले.

मोरूभाऊ बाहेर गेले. फळ्यावर लिहिले:

'भारत ४ धावांनी विजयी. शेवटचा झेल टप्पा पडून घेतला.'

पहिल्यांदा लोक हसले. मग थांबून वाचू लागले. गुलाल घेऊन निघालेली पोरे फळ्यासमोर अडली. त्यांतला एक जण, पलीकडच्या मंडळाचा कार्यकर्ता, मोरूभाऊंना म्हणाला की आजच्या दिवशी हे लिहायची काय गरज होती. लक्षात ठेवण्यासारखे हे की, टप्पा पडला नव्हता असे कोणीच म्हणाले नाही. त्या संध्याकाळी तसे म्हणणारा मला एकही माणूस भेटला नाही. सगळ्यांचे म्हणणे एकच: लिहायचे कशाला?

"त्यांच्या खेळाडूनं केलं असतं तर लिहिलं असतंस?" त्या कार्यकर्त्याने विचारले.

"त्यांचं त्यांच्या गावात कोणतरी लिवील," मोरूभाऊ म्हणाले. "माझा फळा हितं हाय."

मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी पायरीवर उभा होतो. "काय मास्तर, तुम्ही बघितलंत ना? टप्पा होता?" मी म्हणालो, चष्मा घरी राहिला होता, मला नीट दिसले नाही.

तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणाले, टीव्ही कोणाचा आहे ते बघा, लिहायला कोणी लावले ते कळेल. माना समोरच्या दुकानाकडे वळल्या. हुसैनभाई अर्धे दार लोटून उभे होते. ते सामना संपल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. ते रस्ता ओलांडून आले आणि मोरूभाऊंना हळू आवाजात म्हणाले, "मोरूभाऊ, पुसून टाका. तुमचं खरं आहे. पण तुम्ही लिहिलंत आणि लोक माझ्या दुकानाकडं बघतात."

मोरूभाऊंना हे सुचलेच नव्हते. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. त्यांना वाटत होते की आपण लिहिले, आपणच भरू. दुसऱ्याच्या दारात त्याचे ओझे जाईल हा हिशेब त्यांनी केला नव्हता, आणि त्यांच्या साऱ्या आयुष्यातली चूक म्हणायची तर मी हीच म्हणेन. ते खडू घेऊन फळ्याकडे वळले. पुसतील असे मला वाटले. मग त्यांनी त्या दोन वाक्यांखाली, त्याहून मोठ्या अक्षरात लिहिले: 'लिहिणारा मोरेश्वर पांडुरंग म्हात्रे. कोणाच्या सांगण्यावरून नाही.' आणि जाऊन हुसैनभाईंच्या दुकानाच्या फळीवर, रस्त्याकडे तोंड करून बसले.

दगड फळ्यालाच लागले. दुकानाला एकही लागला नाही. भारत जिंकला होता, तरी त्या दिवशी मोरूभाऊंचा डबा परत गेला.

दुसऱ्या दिवशी मंडळाची माणसे बाळशेठकडे आली. ह्या माणसाच्या हातचे डोळे आमच्या गणपतीला नकोत, म्हणाली. त्यांच्या मागून आणखी दोन मंडळे आली. शेडमध्ये मूर्ती ओळीने उभ्या होत्या, रंगलेल्या, डोळ्यांवाचून. बाळशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने मोरूभाऊंना आत बोलावले. मी मूर्तींच्या यादीत मदत करत तिथेच बसलो होतो.

"मोरू, एक ओळ लिही. चूक झाली म्हणून. नवा फळा आणतो."

"चूक असती तर लिवलंच असतं, शेठ. मागं लिवलं व्हतं की."

"घरातलं कोणी चव्हाट्यावर मांडतो का रे?"

"देश आपला हाय म्हणून तर लागलं. परक्याचं असतं तर मी सुखानं जेवलो असतो."

बाळशेठने मग दुसरा मार्ग काढला. सकाळी लवकर ये, दार लावून आख, आणि माणसे यायच्या आत निघून जा. आपण पनवेलचा कारागीर आणला म्हणून सांगू. पगार तोच. त्याच्या बाजूने हे मोठे मन होते. धंद्याची वेळ, आणि तरी माणूस सोडायचा नाही म्हणून तो खोटे बोलायला तयार झाला होता. मोरूभाऊंना तेही कळत होते. ते म्हणाले, "कोणी नाव विचारलं तर शेठ, तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला लागंल. नको."

त्यांनी कुंचले धुऊन, कापडात गुंडाळून बाळशेठच्या हातात दिले. ते कुंचले त्यांचे स्वतःचे होते.

रोह्याला त्यांची सोय मी लावली. माझा भाऊ रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत होता. त्याने ड्रमवर नावे रंगवायच्या कामाला त्यांना घेतले. रसायनाचे नाव, वजन, धोक्याची खूण, सगळे पत्र्याच्या छापाने. शिफ्टमध्ये शेकडो ड्रम. माझा भाऊ सांगे की मोरूभाऊ कवटीचा छाप मारतात पण कवटीचे डोळे हाताने काढतात, आणि त्यांच्या ड्रमवरची कवटी जरा कनवाळू दिसते. राहायला आमच्याच घराची पुढची खोली दिली. मी हे उपकार म्हणून लिहीत नाही. मी ते का केले, ते मला ठाऊक होते.

एका रविवारी रोह्याला आलो असताना मी त्यांना ते सांगितलेही. म्हटले, मोरूभाऊ, त्या दिवशी टप्पा मलाही दिसला होता.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "चष्मा तुमच्या नाकावरच व्हता, मास्तर."

 त्यांनी मला चहा दिला आणि कंपनीच्या क्रिकेटविषयी सांगू लागले. विषय पुन्हा निघाला नाही.

कंपनीच्या क्रिकेटची गंमत अशी होती की धाटावला कारखान्या-कारखान्यांच्या स्पर्धा चालत आणि मोरूभाऊ तिथे पंच म्हणून उभे राहू लागले. पहिल्याच सामन्यात त्यांनी स्वतःच्या कंपनीच्या मॅनेजरला पायचीत दिले. त्यानंतर साध्या सामन्यांना त्यांना कोणी बोलवेना. फायनल आली की मात्र दोन्ही संघ आपापसात न ठरवता त्यांच्याकडे येत. स्वतःचा पंच चालेल असे दोघांनाही वाटे, पण समोरच्याचा नको म्हणून मोरूभाऊ. ते हसून म्हणत, आपण लग्नाचा भटजी नाय, भांडणाचा भटजी. एकदा त्यांनी चौकार दिला आणि दोन चेंडूंनंतर खेळ थांबवून सांगितले की माझे चुकले, चेंडू दोरीच्या आत होता, फलंदाज दोनच धावले होते, दोन धावा कमी करा. असे कुठे करतात का, म्हणून दोन्ही कप्तान वैतागले. त्यांना असे करण्यावाचून दुसरे येत नव्हते.

त्यांची बहीण पेणच्या पुढे जित्याला दिली होती. सणाला ते गाडीने तिच्याकडे जात. रोह्याहून निघालेली गाडी निडी, नागोठणे, कासू करत पेणला थांबते. इतक्या वर्षांत ते पेणला उतरले नाहीत. स्टेशन आले की दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे सरकत, असे माझ्या भावाने एकदा बरोबर जाताना पाहिले.

मग एका वर्षी बाळशेठ स्वतः रोह्याला आला. म्हातारा झाला होता. मी सुट्टीत घरीच होतो. त्याने आल्याआल्या कापडाची गुंडाळी मोरूभाऊंपुढे ठेवली आणि म्हणाला, "मोरू, चल. कोणी काय विचारलं तर तुझंच नाव सांगणार आहे."

मोरूभाऊंनी विचारले, "मंडळवाले?"

"त्यांची पोरं आता मंडळात आहेत. त्यांना तो सामना पण माहीत नाही."

मला वाटले, हे ऐकून त्यांना बरे वाटेल. कोणाला आठवतही नाही हे त्यांना लागले असावे. पण ते पेणला आले.

कारखाना बदलला होता. रंग फवाऱ्याने देत होते. मोरूभाऊंचा पाट मात्र बाळशेठने काढून ठेवला होता. ते बसले. हुसैनभाई दुकान मुलाच्या हाती देऊन समोर येऊन उभे राहिले. मोरूभाऊंनी श्वास धरला आणि एका लहान मूर्तीचा डावा डोळा आखला, मग उजवा. मागे सरकून पाहिले. पुन्हा जवळ गेले. आम्हाला तो गणपती छानच दिसत होता.

"उजवा खाली गेला," ते म्हणाले. "शेठ, ही देऊ नका कोणाला."

बाळशेठ म्हणाला, कोणाच्या लक्षातही येणार नाही. हुसैनभाईंनीही तेच सांगितले. मोरूभाऊंनी आणखी दोन मूर्ती करून पाहिल्या. हात इतकी वर्षे छाप मारत होता, त्याला आता रेघ साधेना. तिसऱ्या मूर्तीनंतर त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला. म्हणाले, "नाय जमत. आता दुसरा माणूस बघा." आवाजात काही नव्हते. भारताच्या धावा सांगत तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ते रोह्याला परतले. हुसैनभाई आणि मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. फलाटावर एका पोराच्या कानाशी मोबाईल होता, त्यावर सामना चालू होता. मोरूभाऊंनी त्याला धावा विचारल्या. त्याने सांगितल्या. आपला कोण बाद झाला, कसा, असे बारीकसारीकही मोरूभाऊंनी विचारून घेतले. गाडी आली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि गाडी हलेपर्यंत हुसैनभाईंशी त्या खेळाडूच्या पायांच्या हालचालीवरून वाद घालत राहिले. मी त्यांना पाहिले ते शेवटचे.

पुढच्या पावसाळ्यात ते रोह्याला वारले. माझ्या भावाने फोन केला. हुसैनभाई आणि मी पोचलो तेव्हा सगळे उरकले होते. कंपनीतली वीस-पंचवीस माणसे आली होती, असे कळले. बाळशेठ त्यानंतर दोन महिन्यांनी गेला.

त्या दिवशी कारखान्यात टीव्हीसमोर जे होते, त्यांतले बाकीचे कोणी वारले, कोणी गाव सोडून गेले. पेणमध्ये आता आम्ही दोघे आहोत, हुसैनभाई आणि मी. चेंडूचा टप्पा आम्ही दोघांनीही पाहिला होता, आणि चारचौघांत दोघेही बोललो नाही. हुसैनभाईंना तेव्हा बोलणे शक्य नव्हते. मला शक्य होते.